आधी प्रश्न धर, विषय मागून येतात

अरे, भौतिकशास्त्र, इतिहास आणि मोडी, तिन्हीची वेळापत्रकं एकदम आखलीस? मीही आखली होती. रंगीत पेनांनी! अकराव्या दिवशी वही माळ्यावर गेली.

त्यापेक्षा एकच प्रश्न धर. माझा होता बडोद्याजवळच्या आजवा तलावाचा: सयाजीरावांच्या काळात तलावाचं पाणी बडोद्यात नुसत्या उतारावर कसं यायचं? त्यासाठी दाब शिकलो. दहा मीटर उंचीचं पाणी साधारण एका वातावरणाइतका, म्हणजे आपल्यावरच्या हवेइतकाच, दाब देतं. मग समोच्च रेषांचे (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचे) नकाशे आले, मग संस्थानचे जुने कागद, आणि तिथं मोडी आडवी आली. तोवर ती शिकायची भूक लागलेली होती. मोडीत सगळी अक्षरं वरच्या रेघेला लटकलेली आणि शब्द सलग, त्यामुळे पहिला आठवडा शब्द तोडण्यातच जातो. तेवढा जाऊ दे.

गणिताची उदाहरणं मात्र उत्तर झाकून सोडव. वाचून ‘समजलं’ वाटतं, तिथंच फसगत होते. रात्री पुस्तक मिटून आईला पाच मिनिटांत सांग; ती ‘म्हणजे काय रे?’ म्हणाली की तिथं खूण कर.

रविवारी दांडिया बाजारात ये, मांडवीच्या सेंट्रल लायब्ररीचा काचेचा मजला दाखवतो.