घर बदलल्यावर मशीन जागा सोडते

प्रश्न : गेल्या महिन्यात आम्ही परळच्या चाळीतून दहिसरला, इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर राहायला आलो. आमचे ७ किलोचे फ्रंट लोड वॉशिंग मशीन टेम्पोत आडवे घालून आणले. ते आता मोरीत, चाकांच्या स्टँडवर ठेवले आहे. कपडे पिळताना ते धडधडत वीतभर पुढे सरकते, आणि धुण्यासाठी पाणी घेणे तर संपतच नाही. पाहायला आलेल्या कारागिराच्या मते बेअरिंग गेले असून ड्रम उतरवावा लागेल. पाने-पकडी माझ्याकडे आहेत. हे काम मी घरीच करू काय?
— एक वाचक, दहिसर

उत्तर : ड्रम उतरवण्याच्या भानगडीत आपण तूर्त पडू नये. बेअरिंग, म्हणजे ज्या कड्यावर ड्रम फिरतो ते, सहसा एका रात्रीत जात नाही. घरघर हळूहळू सुरू होते आणि काही महिन्यांत वाढत जाते. खात्री करायची असल्यास प्लग काढून रिकामा ड्रम हाताने फिरवून पाहावा आणि त्याची कड धरून वर-खाली हलवावी. खरखर ऐकू आली नाही आणि आतला ड्रम बाहेरच्या टबाला सोडून वेगळा हलला नाही, तर बेअरिंगला दोष देण्याचे कारण नाही.

माझा संशय मोरीवर आहे. आपल्याकडे मोरीची फरशी मुद्दाम जाळीकडे उतरती बसवतात. पाणी वाहून जाण्यासाठी ते योग्यच आहे, परंतु मिनिटाला हजाराहून अधिक फेरे घेणाऱ्या ड्रमाला अशी उतरती जागा मानवत नाही, आणि त्यात खाली चाके असली म्हणजे मशीनने जागा सोडणे ओघानेच आले. तेव्हा स्टँड काढून मशीन थेट फरशीवर ठेवावे. वर अर्धी भरलेली पाण्याची ताटली ठेवून तळाचे पाय पान्याने खाली-वर करीत पाणी समपातळीत आणावे आणि मग प्रत्येक पायावरचा नट मशीनच्या पत्र्याकडे घट्ट आवळावा. हा नट ढिला राहिला तर केलेली पातळी दोन धुण्यांत बिघडते. समोरासमोरचे कोपरे आळीपाळीने दाबले असता मशीन डुगडुगता कामा नये. पायाखाली पुठ्ठ्याच्या घड्या सारण्याची आपली जुनी सवय येथे उपयोगाची नाही, कारण पुठ्ठा भिजून दबतो.

एवढे करूनही धडधड थांबली नाही, तर प्रवासाचा हिशेब मांडावा लागेल. फ्रंट लोड मशीनमध्ये टब वरून स्प्रिंगांवर लटकलेला आणि खालून डॅम्परांवर (धक्के शोषणाऱ्या दांड्यांवर) तोललेला असतो. नवे मशीन येते तेव्हा मागून बोल्ट घालून तो जखडलेला असतो. मशीन जागेवर बसवल्यावर ते बोल्ट काढून जपून ठेवायचे आणि पुढच्या स्थलांतरात पुन्हा घालायचे असतात. बहुतेक घरांत ते रद्दीबरोबर जातात. बोल्टांविना आडव्या पडलेल्या मशीनचा टब टेम्पोत हेलकावे खातो आणि एखादी स्प्रिंग आकड्यातून निसटू शकते. दार उघडून ड्रम खाली दाबावा व सोडावा : तो वर येऊन लगेच स्थिरावला तर ठीक, झोके घेत राहिला तर डॅम्पर निकामी झाले असावेत, एका बाजूला कललेला दिसला तर स्प्रिंग पाहावी लागेल. या दोन्ही कामांसाठी जाणकार माणूस बोलवावा, मात्र त्याला बेअरिंग न सांगता नेमके हे लक्षण सांगावे.

पाण्याची तक्रार वेगळी आहे. निचऱ्याचा पाइप आपण बहुधा थेट मोरीच्या जाळीत सोडला असणार. त्याचे तोंड टबातल्या पाण्याच्या पातळीखाली आले की पाणी आपोआप ओढले जाऊन वाहते. मशीन भरत राहते आणि मोरी पीत राहते. मशीन पाणी घेत असताना जाळीपाशी कान द्यावा. खळखळ ऐकू आल्यास पाइप जमिनीपासून साधारण ६० ते १०० सेंटीमीटर उंचीवरून वळवून घ्यावा (नेमकी उंची पुस्तिकेत असते), आणि त्याचे तोंड निचऱ्याच्या नळीत गच्च कोंबू नये.

खळखळ नसेल, तर नळ बंद करून मशीनमागचा, पाणी आत आणणारा इनलेट पाइप सोडावा. तो जोडतो तेथे लहानशी जाळी असते. टाकी धुतल्यावर किंवा नवी पाइपलाइन जोडल्यावर तिच्यात गंज आणि गाळ अडकतो. जुन्या टूथब्रशने ती साफ करून वॉशरसह पुन्हा बसवावी.

जाळी स्वच्छ असूनही धार बारीकच असेल, तर सर्वांत वरच्या मजल्याची अडचण उरते. गच्चीवरची टाकी नळापासून १० मीटर उंच असेल तेव्हा जेमतेम १ बार दाब मिळतो. आपली टाकी डोक्यावर तीन-चार मीटरच असणार, म्हणजे ०.३ ते ०.४ बार. पुस्तिकेत किमान दाब याहून अधिक मागितला असेल, तर सोसायटीची परवानगी घेऊन टाकीपाशी छोटा प्रेशर पंप बसवावा लागेल. मशीन उघडून तेथे काहीच हाती लागणार नाही.