शिडाच्या बोटीवर बरेच महिने राहून विमानाने विदर्भातल्या गावी परतताना काय त्रास होतो, काय काळजी घ्यावी?

तुम्ही लिहिलंय की न्यूझीलंडहून फिजीला आलेल्या एका शिडाच्या बोटीवर तुम्ही क्रू म्हणून आहात, ऑक्टोबरअखेर तिथून विमान धरून अमरावतीकडच्या गावी यायचंय, आणि इतके महिने पाण्यावर काढल्यावर हा प्रवास अंगावर येतो का, असा प्रश्न आहे. येतो. पण विमानात नाही, घरी पोचल्यावर येतो. आणि विमानात बसायच्या आधी कागद छळतात, म्हणून आधी तेच सांगतो.

मी आर्वी तालुक्यातला. धंदा ट्रॅक्टर आणि पंपाच्या डिझेल इंजिनांचा. ऑकलंडला नातेवाइकांकडे गेलो असताना ओळखीतून एका बोटीवर जागा मिळाली, कारण कॅप्टनला शीड ओढणारे पुष्कळ भेटतात, इंजेक्टर उघडून साफ करणारा भेटत नाही. ओपुआ बंदरातून निघालो, फिजीत बरेच दिवस फिरलो आणि तुमच्यासारखाच चक्रीवादळांचा हंगाम लागायच्या आत उतरलो. तिकडे तो हंगाम नोव्हेंबर ते एप्रिल असतो, त्यामुळे ऑक्टोबरात सगळ्याच बोटींची आवराआवर सुरू असते.

तुम्ही फिजीत बोटीने शिरलात, म्हणजे तुमचं नाव बोटीच्या क्रू लिस्टवर आहे. उतरायच्या आधी कॅप्टनला सोबत घेऊन इमिग्रेशनच्या ऑफिसात जा आणि ते नाव रीतसर कमी करून घ्या. हे कॅप्टनच्याही फायद्याचं असतं, नाहीतर बोट निघताना एक माणूस कमी का, याचं उत्तर त्याला द्यावं लागतं. त्याच्याकडून सही-शिक्क्याचं पत्रही घ्या: अमुक माणूस अमुक बंदरात माझ्या बोटीवरून उतरला. चेक-इनच्या काउंटरवरची पोरगी तुमच्या येण्याचं विमान विचारते, आणि तुमच्याकडे दाखवायला ते नसतं. तिथे हे पत्र कामाला येतं. भारतीय पासपोर्टला फिजीत व्हिसाशिवाय चार महिने मिळतात. त्याहून जास्त राहिला असाल तर मुदतवाढीचा कागद वरच ठेवा.

तिकीट नांदी, म्हणजे फिजीचा मुख्य विमानतळ, तिथून मुंबईपर्यंत एकाच पीएनआरवर काढा. सिंगापूरहून दोन वेगळी तिकिटं स्वस्त दिसतात, पण मग सामान घ्यायला सिंगापुरात बाहेर पडावं लागू शकतं आणि त्याला आपल्याला व्हिसा लागतो. तारखेत आठवडाभर तरी मोकळा ठेवा. बोट दुसऱ्या बेटावरच्या सावुसावु बंदराकडे अडकली आणि वारा समोरून असला, तर नांदीचं विमान तुमच्यासाठी थांबत नाही. पाठीला हवेची टाकी लावून पाण्यात उतरून बोटीचं बूड घासत असाल, तर उड्डाणाच्या आधी १८ ते २४ तास ते काम बंद.

आता सगळ्यात महत्त्वाचं. सॅटेलाइट फोन किंवा गार्मिन इनरीचसारखं उपग्रहावरून संदेश धाडणारं यंत्र भारतात आणू नका. समुद्रात ते सगळ्यांकडे असतं, त्यामुळे बॅगेत आहे हेही लक्षात राहत नाही. आपल्याकडे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय ते बाळगणं गुन्हा आहे, आणि बॅगेत असं यंत्र सापडलं म्हणून विमानतळावर परदेशी पर्यटकांना पोलिसांनी ताब्यात घेतल्याच्या घटना झालेल्या आहेत. विकून टाका, बोटीवर ठेवा, कॅप्टनला द्या. उपग्रहावरून इंटरनेट देणारी स्टारलिंकची डिशही बोटीवरच शोभते. हातमशाली, म्हणजे फ्लेअर, कुठल्याच बॅगेत चालत नाहीत. आपोआप फुगणाऱ्या लाइफ जॅकेटमधली गॅसची नळकांडी चालतात, पण एअरलाइनला आधी विचारावं लागतं. चाकू, पाने, मल्टिटूल हे सगळं खालच्या बॅगेत, आणि डिझेलचा वास येत असेल तर आधी धुऊन. प्रवाळाचे तुकडे आणि जायंट क्लॅमचे मोठे शिंपले गावच्या पोरांना दाखवायचा मोह होतो. दोन्ही सायटीस, म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय करारात आहेत, राहू द्या तिथेच. कपडे मात्र एकदा गोड्या पाण्यातून काढा. मीठ हवेतला ओलावा ओढतं, त्यामुळे खारट कपड्यांची बॅग कधी वाळतच नाही.

प्रवासाचं म्हणाल, तर बोट पाच-सहा नॉटने चालते, म्हणजे ताशी दहा किलोमीटरच्या आसपास. नांदी ते सिंगापूर आठ हजारांहून जास्त किलोमीटर होतात. बोटीच्या चालीने महिन्याहून जास्तीचं काम, ते विमान दहा-अकरा तासांत उरकतं. लौटोकाच्या बाजारात भाजी विकणारी हिंदी बोलणारी माणसं तुम्हाला भेटलीच असतील. त्यांचे पूर्वज गिरमिटिये, म्हणजे इंग्रजांनी करारावर नेलेले मजूर. पहिलं जहाज लिओनिडास, १८७९ साली कलकत्त्याहून निघालं आणि शिडांवर दोन महिन्यांच्या वर चालून फिजीतल्या लेवुकाला लागलं. माझ्या खिडकीतून नुसते ढग दिसत होते आणि मला सारखं तेच जहाज आठवत होतं.

मुंबईला उतरल्यावर माझा एकच हट्ट आहे, आणि लोक त्याला हसतात. नागपूरचं विमान घेऊ नका. संध्याकाळी सीएसएमटीहून विदर्भ एक्सप्रेस धरा. फिजीचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेसहा तास पुढे आहे, त्यामुळे गाडी सुटते तेव्हा तुमच्या अंगाच्या हिशेबाने मध्यरात्र उलटलेली असते. बर्थवर पडल्या पडल्या झोप लागते. दुसरं असं की डबा हलतो. इतके महिने हलत्या अंथरुणावर निजलेल्या माणसाला विमानतळाजवळच्या हॉटेलचा थिजलेला पलंग सोसत नाही. रात्री दोनला जाग येईलच, कारण तेव्हा फिजीत सकाळचे साडेआठ झालेले असतात, आणि बोटीवरच्या रात्रपाळीची सवय असते ती वेगळीच. उठा, बाटलीतलं पाणी प्या, खिडकीशी बसा. पहाटे पहाटे वऱ्हाड लागतं, आणि उजाडेल तसं दिसायला लागतं. सोंगलेल्या सोयाबीनचे ढीग, कुठे थ्रेशरची धूळ, पऱ्हाटीला फुटलेली बोंडं. तुम्ही बडनेऱ्याला उतराल, मी पुढे पुलगावला उतरून आर्वीची बस धरली.

खरा त्रास मग सुरू होतो. विमानात, गाडीत, बसमध्ये मला काही झालं नाही. बसमधून उतरून स्टँडवर उभा राहिलो आणि जमीन हलायला लागली. डोळे मिटले की जास्त. आंघोळीला बसलो तर मोरीची भिंत कलते असं वाटायचं. कारण साधं आहे: लाटांवर तोल सांभाळायची मेंदूला सवय झालेली असते, आणि लाटा संपल्या तरी तो सांभाळतच राहतो. वाहनात बसलं की बरं वाटतं, थांबलं की पुन्हा सुरू, ही त्याची खूण. पानठेल्यावर उभा असताना एका काकाजींनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाले, "हालून काहून राहिला बे? पिऊन आला का?" आमचा जिल्हा दारूबंदीचा, त्यामुळे हा प्रश्न जरा जास्तच गंभीर असतो. आईचं निदान वेगळं होतं, "पोट्ट्याले कोनाची तरी नजर लागली." मीठ-मिरच्या ओवाळून झाल्या. मिठातून तर मी आलोच होतो.

बहुतेकांचं हे एक-दोन दिवसांत जातं. तोवर मोटरसायकल चालवू नका, विहिरीच्या कठड्याशी वाकू नका, शिडीवर चढू नका. पडून राहण्यापेक्षा चाललेलं बरं. मी सकाळ-संध्याकाळ शेताच्या धुऱ्याने, दूरच्या एखाद्या झाडावर नजर ठेवून चालायचो. बोटीवर मळमळलं की क्षितिजाकडे बघतात तसं. दिवसा उन्हात राहा आणि दुपारी झोपू नका, म्हणजे घड्याळ लवकर जुळतं.

रात्रीची जाग मला मात्र आवडली. अंगणात आलो की उत्तरेला ध्रुव दिसायचा. फिजी विषुववृत्ताच्या दक्षिणेला १८ अंशांवर आहे, तिथून तो दिसतच नाही. रात्रपाळीला आमची भिस्त त्रिशंकूवर, म्हणजे दक्षिणेकडच्या त्या क्रूसासारख्या तारकासमूहावर असायची. माझं गाव उत्तरेला २१ अंशांवर, म्हणून इथे ध्रुवही क्षितिजापासून तेवढाच वर.

लोकांच्या प्रश्नांची मात्र तयारी ठेवा. वादळ किती मोठं होतं, हे कोणी विचारत नाही. पगार किती, हे विचारतात. खर्च वाटून घेऊन गेलो होतो म्हटलं की समोरच्याचा तुमच्यातला रस तिथेच संपतो. बाबा दोन दिवस गप्प होते, तिसऱ्या दिवशी पंपाचं इंजिन समोर आणून ठेवलं.

हलण्याचा त्रास महिनाभर टिकला तर अंगावर काढू नका. अमरावती-नागपूरला कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा. क्वचित कोणाला तो कित्येक महिने राहतो. कानाच्या तपासण्या आणि एमआरआय यात सहसा काही सापडत नाही, म्हणून महिनोन्‌महिने बोटीवर होतो हे सुरुवातीलाच सांगा. आपल्याकडे समुद्रावरून आलेला पेशंट रोज येत नाही. या दुखण्याला 'माल द देबार्कमाँ' म्हणतात. उच्चार जमणार नाही, चिठ्ठीवर लिहून न्या.