सिम बरोबर न्यावे की भाच्याकडे ठेवावे?

प्रश्न : मी माध्यमिक शाळेतून निवृत्त झालेली ६७ वर्षांची शिक्षिका असून यजमानांसह विश्रामबागेत राहते. मुलगा न्यू जर्सीत असतो. दोन वर्षांपूर्वी आम्ही सहा महिन्यांसाठी त्याच्याकडे गेलो, तेव्हा त्याने माझ्या स्मार्टफोनमध्ये तिथले सिम घालून दिले आणि माझे सांगलीचे सिम मी जुन्या बटणांच्या फोनमध्ये ठेवले. त्या फोनला तिथे एकही दिवस रेंज आली नाही. बँकेचा ओटीपी मिळेना, विजेचे बिल थकले आणि वीज तोडण्याची नोटीस आल्याचे शेजाऱ्यांनी कळवले. नातवाला भेटायला गेलेल्या आम्हा दोघांच्या कितीतरी रात्री फोन हातात घेऊन गेल्या. आता ऑक्टोबरमध्ये पुन्हा निघायचे आहे. सिम मिरजेच्या भाच्याकडे ठेवावे, तो ओटीपी कळवील, असे घरातले म्हणतात. पण ओटीपी कोणालाही सांगू नये, असे बँकच बजावते. मग हे योग्य आहे काय?
— एक वाचक भगिनी, सांगली

उत्तर : ताई, सिम भाच्याकडे ठेवू नका. त्याच्या सचोटीबद्दल शंका आहे म्हणून मी हे म्हणत नाही. हा नंबर तुमच्या बँकेशी आणि आधारशी जोडलेला असल्याने तो आता तुमच्या सहीसारखा झाला आहे, आणि कोऱ्या धनादेशांवर सह्या करून ते नातेवाइकाकडे ठेवून कोणी सहा महिने परदेशी जात नाही. शिवाय सांगलीत सकाळी दहाला बँक उघडते तेव्हा हिवाळ्यात न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे साडेअकरा वाजलेले असतात. काही मिनिटांतच बाद होणारा ओटीपी अशा अवेळी फोनवरून कळवताना घाई होते, आणि फसवणूक करणारे लोक नेमक्या त्याच घाईची वाट पाहत असतात.

मागच्या वेळी रेंज का आली नाही, याचे कारण बहुधा तुमचा बटणांचा फोनच असावा. अमेरिकेतील मोठ्या मोबाइल कंपन्यांनी २०२२ मध्ये थ्रीजी सेवा बंद केली आणि त्याआधीची टूजी सेवा तर काहींनी कितीतरी आधी थांबवली होती; त्यामुळे आपल्याकडे उत्तम चालणारा जुना फोन तिथे निरुपयोगी ठरतो. यात तुमची काहीच चूक नव्हती, आणि ही गोष्ट निघण्यापूर्वी कोणीतरी तुम्हाला सांगायला हवी होती, असे मला मनापासून वाटते.

या वेळी सांगलीचे सिम स्मार्टफोनमधून काढूच नका. तिथला नंबर दुसऱ्या खाचेत किंवा फोनमध्ये सोय असल्यास ई-सिम (वेगळे कार्ड न घालता फोनमध्येच सुरू होणारे सिम) म्हणून घ्या. यूपीआयचे अॅप त्या सिमशी आणि त्या फोनशी बांधलेले असते. सिम दुसऱ्या फोनमध्ये गेले की अॅप पुन्हा पडताळणी मागते, त्यासाठी तुमच्या भारतीय नंबरवरून एसएमएस जावा लागतो, आणि परदेशातून तो बरेचदा जात नाही. निघण्यापूर्वी परतीच्या तारखेपलीकडे मुदत असलेला रिचार्ज करा, कंपनीकडून आंतरराष्ट्रीय रोमिंग सुरू करून घ्या आणि फोनमधील डेटा रोमिंग मात्र बंद ठेवा. रोमिंगमध्ये आलेल्या एसएमएसला सहसा पैसे पडत नाहीत, पण आलेला फोन उचलला तर पडतात. त्यामुळे त्या नंबरवर आलेले फोन उचलू नका. सांगलीच्या मंडळींशी व्हॉट्सअॅपवरून बोला.

भाच्याची मदत घ्यायचीच असेल तर ती वीजबिलासाठी घ्या. बिलावरील बारा अंकी ग्राहक क्रमांक त्याला देऊन ठेवलात, की तो स्वतःच्या खात्यातून बिल भरू शकतो आणि त्यात तुमच्या ओटीपीचा संबंधच येत नाही. डेबिट कार्ड तिथे वापरायचे असेल तर त्यावरील आंतरराष्ट्रीय व्यवहार इथूनच सुरू करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डांवर ती सोय मुळात बंद असते.

तुमच्या पत्रात उल्लेख नाही, पण मला सर्वांत जास्त काळजी वाटते ती हयातीच्या दाखल्याची. तो नोव्हेंबरमध्ये द्यावा लागतो आणि तुम्ही तर ऑक्टोबरमध्येच निघता आहात. तिकीट अजून काढले नसेल तर नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्याचे काढा आणि पहिल्याच आठवड्यात दाखला देऊन मोकळ्या व्हा. तारीख बदलणे शक्य नसेल तर चेहरा दाखवून जीवन प्रमाण दाखला काढण्याची सोय मोबाइलवर आहे. मात्र तो तुमच्या पेन्शनसाठी चालतो का, हे कोषागारात आणि बँकेत आताच विचारून घ्या, आणि ते अॅप मुलाकडून आधीच फोनमध्ये घालून घ्या. तेही जमले नाही तर न्यू जर्सी ज्याच्या कक्षेत येते, त्या न्यूयॉर्कच्या भारतीय वाणिज्य दूतावासातून सही-शिक्क्याचा दाखला मिळू शकतो. त्यासाठी पेन्शनचा आदेश क्रमांक आणि पासबुकाच्या पहिल्या पानाची प्रत हातसामानात ठेवा.