जपानी शाळेत इंग्रजी शिकवताना: वाचकांचे प्रश्न

मी सैतामात सहाय्यक भाषा शिक्षक, म्हणजे एएलटी आहे. सुरुवातीच्या शिबिरानंतर कुणी काही शिकवलं नाही. पुढे काय करू?

तुमच्या शाळेतच सोय आहे, फक्त तुम्हाला कुणी बोलावलेलं नाही. जपानी शाळांत ‘जुग्यो केंक्यू’ची जुनी परंपरा आहे. एक शिक्षक तासाचा सविस्तर आराखडा लिहून देतो, सहकारी वर्गात उभे राहून मुलं काय करतात ते टिपतात आणि तास संपल्यावर सगळे चर्चेला बसतात. नजर शिक्षकापेक्षा मुलांवर असते, म्हणून तिथे बरंच काही हाती लागतं. विषय गणिताचा असला तरी जा. उपमुख्याध्यापकांना स्वतःहून विचारा, सहसा आनंदाने होकार देतात. चर्चा जपानीत होते, तेव्हा जपानी शिकणं हासुद्धा तुमच्या प्रशिक्षणाचाच भाग समजा.

एएलटींना कार्यक्रमाच्या वेळी बोलावायचं आणि चर्चेच्या वेळी विसरायचं, हे मला मनापासून खटकतं. परदेशी तरुणांना एएलटी म्हणून जपानी शाळांत आणणारी सरकारी जेट योजना 1987 साली सुरू झाली; इतक्या वर्षांनी तरी हे बदलायला हवं. शाळेबाहेर ‘जाल्ट’ या भाषाशिक्षकांच्या संघटनेच्या स्थानिक शाखा आहेत. त्यांच्या बैठकांना जरूर जा.

मी 2015 साली जपानमध्ये इंग्रजीचा शिक्षक परवाना घेतला. दहा वर्षांनी नूतनीकरण लागतं ना?

आता नाही. 2009 पासून दर दहा वर्षांनी किमान 30 तासांचे वर्ग करावे लागत. ती पद्धत जुलै 2022 मध्ये रद्द झाली. तुमचा परवाना तेव्हा चालू होता, म्हणजे आता त्याला मुदत नाही.

माझी पत्नी जपानी आहे, ओसाकात पाचवीची वर्गशिक्षिका. इंग्रजी तिला शिकवावं लागतं, पण बोलायची भीती वाटते.

दोष त्यांचा नाही. 2020 पासून पाचवी-सहावीला इंग्रजी हा गुणांकनाचा विषय झाला, वर्षाला 70 तासिका. तो वर्गशिक्षकांच्या गळ्यात पडला, पण त्या मानाने तयारी करून घेतली गेली नाही. त्यांना सांगा, तास एएलटीवर सोडून मागे उभं राहू नका. आपल्या बाई चुकतमाकत इंग्रजी बोलतात हे पाहिलं की मुलंही तोंड उघडतात. रोज वापरायची दहा-बारा वाक्यं पक्की करावीत. आठवड्यातून एकदा स्वतःच्या तासाचं रेकॉर्डिंग ऐकावं आणि आपण किती बोललो, मुलं किती बोलली, एवढंच पाहावं. एएलटीबरोबर तासाआधी दहा मिनिटं मिळाली तर मुलांसमोर करायचा संवाद आधी दोघांनी म्हणून बघावा.