जुन्या गाडीच्या सायलेन्सर पाइपातला जाम झालेला ऑक्सिजन सेन्सर आटे न घालवता कसा काढायचा?

तुम्ही लिहिलंय की गाडी २०१४ ची पेट्रोल, कांदोळीला घराबाहेर उघड्यावर असते, चेक इंजिनची लाइट जात नाही, स्कॅनरवर पी०१३५ हा एरर कोड आलाय आणि गॅरेजवाला म्हणतो धुरातला ऑक्सिजन मोजणारा हा सेन्सर हलतच नाही, पुढचा पाइप कॅटॅलिटिक कन्व्हर्टरसकट (धूर साफ करणारा डबा) बदलूया. एवढ्यात हो म्हणू नका. मी पर्वरीला राहतो, जुन्या गाड्यांची ही कामं करत असतो, आणि असा सेन्सर बहुतेक वेळा निघतो. नुसत्या जोराने मात्र नाही, गरम करून आणि मागे-पुढे फिरवून. जोर लावला तर तोही निघेल पण पाइपाचे आटे सोबत घेऊन येईल.

पण आधी तो खरंच गेलाय का ते बघा. पी०१३५ म्हणजे पुढच्या सेन्सरच्या हीटरचं सर्किट, म्हणजे कन्व्हर्टरच्या आधी, इंजिनच्या बाजूला जो असतो तो. या कोडमागे कधी कधी नुसता उडालेला फ्यूज असतो, किंवा कनेक्टरच्या पिनांवर हिरवट गंज, जो आपल्याकडे किनाऱ्यावरच्या गाड्यांत हमखास सापडतो. चार वायरींपैकी दोन बहुतेक एकाच रंगाच्या असतात, त्या हीटरच्या. कनेक्टर सोडवून त्या दोघींवर मीटर लावा, थंड सेन्सरवर थोडे ओहम दिसले पाहिजेत, सर्किट ओपन दाखवलं तर हीटर गेला आणि मग सेन्सर बदलावाच लागेल.

आता तो का अडकतो ते समजून घ्या, कारण सगळी पद्धत त्यावरच आहे. सेन्सरचे आटे एम १८ बाय १.५ चे (१८ एमएम व्यासाचे, दोन आट्यांत १.५ एमएम अंतर), पाइपाला वेल्ड केलेल्या नटात बसलेले. रोज कडक ताप, मग गार, वर पावसाचे चार महिने आणि खारा वारा, त्यामुळे बाहेरून गंज धरतो. पण खरा घात आतून होतो, आट्यांचं टोक पाइपात थोडं बाहेर आलेलं असतं तर त्यावर काजळी आणि खपली बसते. सेन्सर सोडवायला लागलं की ती सगळी घाण नटाच्या चांगल्या आट्यांतून ओढली जाते आणि धातू धातूला चावायला लागतो. म्हणून सुरुवातीला अर्धा फेरा मस्त हलतो आणि मग परत घट्ट होत जातो, आणि नेमकं त्याच वेळी लोक पान्याला लांब पाइप लावून ओढतात.

आदल्या संध्याकाळी आट्यांच्या सांध्यावर पेनेट्रेटिंग ऑइल (फटीत झिरपणारं पातळ तेल) मारा, दोन-तीन तासांनी परत, आणि रात्रभर राहू द्या. साधा डब्ल्यूडी-४० सुद्धा नसण्यापेक्षा बरा, पण खास गंज सोडवणारा स्प्रे मिळाला तर तोच घ्या. सकाळी इंजिन दोन-तीन मिनिटं चालवा, पाइप हाताला चटका बसेल एवढा तापू द्या, जाड हातमोजे घाला. वायरसाठी फट असलेला सॉकेट मिळतो तो नवीन सेन्सर बसवायला ठीक, पण जाम सेन्सरवर तो जोर पडला की फाकतो आणि षटकोन गोल करून टाकतो. जुना टाकायचाच आहे हे पक्कं झालं असेल तर वायरी कापा आणि २२ एमएमचा सहा कोनी खोल सॉकेट किंवा रिंग पाना पूर्ण बसवा.

आधी किंचित घट्ट करायच्या दिशेने दाब द्या, मग सोडवायच्या. टक् असा आवाज येऊन तो हलला की थांबा, तेल मारा, पाव फेरा सोडवा, परत थोडा आत न्या, परत सोडवा. सांध्यातून तपकिरी गढूळ तेल बाहेर यायला लागतं ते चांगलं लक्षण, घाण निघतेय. प्रत्येक फेऱ्याला हात हलका व्हायला हवा. जड होत गेला किंवा कोरडा कर्र असा आवाज आला तर तिथेच थांबून आत फिरवा, कितीही कंटाळा आला तरी. इम्पॅक्ट गन (झटके देत फिरवणारं मशीन) या टप्प्यावर लावू देऊ नका.

एवढं करूनही ढिम्म असेल तर गॅस लावायचा. हे घरी करू नका, गॅस वेल्डिंगचा सेट असलेल्याकडे जा, म्हापशात करासवाडा बाजूला असे वर्कशॉप आहेत. त्याला सांगायचं की ज्योत सेन्सरवर नाही, सभोवतीच्या नटावर फिरव, नट मंद लाल झाला की लगेच पाना लाव. नट आधी तापून फुगतो, आतला सेन्सर मागे राहतो, तेवढ्या क्षणात पकड सुटते. आधी मारलेलं तेल पुसून घ्यायला लावा, ते पेटतं, आणि जवळ पेट्रोलचा किंवा ब्रेकचा पाइप, प्लास्टिक, वायरिंग कुठे आहे ते आधी बघून झाका. अग्निशामक सिलिंडर हाताशी हवाच.

निघाल्यावर नटात एम १८ बाय १.५ चा टॅप (आटे पाडायचं हत्यार) तेल लावून हाताने फिरवून आटे साफ करून घ्या. आटे अगदीच गेले असतील तरी पाइप फेकायची गरज नाही, जुना नट कापून तिथे नवीन वेल्ड करता येतो, मोठ्या लेथवाल्यांना हे रोजचं काम आहे. फक्त गाडीवरच आर्क वेल्डिंग करणार असतील तर बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून ठेवा.

नव्या सेन्सरच्या आट्यांना बहुतेक कंपनीतूनच अँटीसीझ (आटे जाम होऊ न देणारी पेस्ट) लावलेलं येतं. नसेल तर सेन्सरला चालणारं, थोडंसंच, फक्त आट्यांना लावा, टोकाला अजिबात नको. सिलिकॉनचं कुठलंही गॅस्केट पेस्ट किंवा स्प्रे आसपास नको, सिलिकॉनने सेन्सर मरतो. हातातून खाली पडलेला सेन्सर बाहेरून चांगला दिसला तरी आतली सिरॅमिक फुटलेली असू शकते, तो लावू नका. साधारण ४० ते ५० न्यूटन मीटरला घट्ट करा, तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल तर तोच पाळा. आणि कनेक्टरमध्ये ग्रीस किंवा स्प्रे भरू नका, बऱ्याच सेन्सरांना तुलनेसाठी लागणारी बाहेरची हवा वायरीतूनच आत जाते, तो मार्ग बंद झाला की नवीन सेन्सरही चुकीचं रीडिंग देतो.