दातांचा सल्ला : छापलेल्या स्कॅफोल्डवर जबड्याचं हाड

प्रश्न : आईच्या (वय ५८) खालच्या दोन दाढा काढून तीन वर्षं झाली. हाड झिजल्यामुळे इम्प्लांट (दातासाठी हाडात बसवायचा स्क्रू) बसत नाही. डॉक्टर म्हणतात, थ्रीडी प्रिंटरवर स्कॅफोल्ड (हाडाला वाढायला आधार देणारा सच्छिद्र सांगाडा) छापून हाड वाढवू. तो आत कायम राहतो का? आईला मधुमेह आहे, मशेरीही लावते. – एक वाचक, गुहागर

उत्तर : तो कशाचा आहे, ते आधी विचारा. टायटॅनियमची जाळी विरघळत नाही, नंतर काढावी लागते. ट्रायकॅल्शियम फॉस्फेट हळूहळू जिरतं आणि त्या जागी हाड येतं. पॉलिकॅप्रोलॅक्टोन या प्लास्टिकला विरघळायला दोन-तीन वर्षं लागतात. इम्प्लांट मात्र साधारण सहा ते नऊ महिन्यांनी घालतात. तेव्हा ड्रिल हाडाबरोबर प्लास्टिकमध्येही शिरतं. शिवाय हे प्लास्टिक ६० अंशांच्या आसपास वितळतं, त्यामुळे ते ऑटोक्लेव्हमध्ये, म्हणजे कोंडलेल्या गरम वाफेने जंतू मारणाऱ्या यंत्रात, घालता येत नाही. निर्जंतुकीकरण कसं करणार, हेही विचाराच.

माप ताज्या सीबीसीटी स्कॅनवरून (जबड्याच्या त्रिमितीय एक्स-रेवरून) घ्यायचं. जुन्या स्कॅनवर छापलेला तुकडा नीट बसत नाही, कारण हाड मधल्या काळात आणखी झिजलेलं असतं. शेजारच्या दातावर धातूची कॅप असेल तर चित्रात रेघा उमटतात आणि कड चुकते. ४ मिमी जाडीच्या इम्प्लांटला दोन्ही बाजूंनी दीड-दीड मिमी, म्हणजे ७ मिमी रुंद हाड हवं. स्कॅफोल्डमधली छिद्रं ३०० ते ५०० मायक्रॉनची आणि एकमेकांना जोडलेली असावीत. फार बारीक असली तर रक्तवाहिन्या आत शिरत नाहीत आणि हाड फक्त कडेला धरतं. बसवण्याआधी जुन्या हाडाला बारीक भोकं पाडून रक्त आणतात. मग जबड्यातली संवेदनेची नस चुकवून स्कॅफोल्ड स्क्रूने घट्ट करतात. तुकडा जरासा जरी हलत राहिला, तरी हाडाऐवजी तंतूच भरतात.

बहुतेक घोटाळा होतो तो हिरडीत. हिरडी ताणून शिवली की टाके उसवतात, स्कॅफोल्ड उघडा पडतो आणि जंतू शिरतात. म्हणून हिरडी आतून सैल करून, ताण न देता शिवावी लागते. त्या जागेवर कवळी घालायची नाही. मशेरी आधीच बंद करून हाड भरेपर्यंत बंदच ठेवावी. एचबीएवनसी (गेल्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी रक्तचाचणी) ७ च्या आसपास आल्याशिवाय तारीख घेऊ नका. सुरुवातीला पेज, मऊ भात. गरम काही नको. टाके १० ते १४ दिवसांनी निघतात, तोवर दवाखाना जवळ असावा. मुंबईत करून दुसऱ्याच दिवशी रातराणीने गावी परतणं बरं नव्हे.

आमचं मत विचाराल तर, रुंदी थोडीच कमी असेल तर ग्राफ्टचे (हाडाच्या जागी भरायचे) दाणे आणि वर कोलॅजनचा पडदा पुरतो. उंचीच गेली असेल, तर छापलेल्या आकाराचा खरा उपयोग.

प्रश्न : कर्करोगामुळे बाबांचा अर्धा जबडा काढला, रेडिएशनही झालं. असा स्कॅफोल्ड चालेल? – एक वाचक, मालवण

उत्तर : नुसता नाही. मांडव घातला तरी मुळाशी ओल नसेल तर पडवळ चढत नाही. रेडिएशनने रक्तपुरवठाच आटलेला असतो. अशा वेळी पायातलं फिब्युला हाड रक्तवाहिन्यांसकट आणून मानेतल्या रक्तवाहिन्यांना जोडतात. छपाईचा उपयोग तिथे जबड्याची प्रतिकृती, हाड कापायचे गाइड आणि टायटॅनियमची पट्टी यांसाठी होतो. घोट्याजवळचं ६-७ सेंमी हाड तसंच ठेवतात, त्यामुळे बाबांना पुढे चालता येईल.