१००० सीसीची गाडी लातूर–संभाजीनगर प्रवासाला पुरेल का? परदेशी लोक तिला दुबळी का म्हणतात?

पुरते. बिनधास्त घ्या.

पॉवर किती लागते हे रस्त्यावर आणि तिथल्या सवयीवर ठरतं. जर्मनीत ऑटोबानच्या (तिथल्या हायवेच्या) बऱ्याच भागात वेगमर्यादाच नाही, मग तिथल्या माणसाला १००० सीसीच्या गाडीची साधारण ६७ पीएस (ताकद मोजायचं माप) कमीच वाटणार. जपानमध्ये मात्र ६६० सीसी आणि ६४ पीएसच्या आतल्या के-कार लोक वर्षानुवर्षे आनंदाने चालवतात. आपल्याकडे १९८३ साली आलेल्या मारुती ८०० चं इंजिन ७९६ सीसीचं, ताकद ४० बीएचपीच्याही (पीएससारखंच माप) आत. तरी त्यात अख्खं कुटुंब सामानासकट तुळजापूरला जाऊन यायचं. करामुळेही आपल्याकडे इंजिनं लहान राहिली: चार मीटरच्या आतली आणि पेट्रोल १२०० सीसीपर्यंतची गाडी असेल तर कर कमी. शेवरले बीट इथे ९३६ सीसी डिझेलमध्येही मिळायची. तीच गाडी अमेरिकेत स्पार्क नावाने १.२ लिटर पेट्रोलमध्ये विकली, तरी तिकडे ती हळूच ठरली.

खरी परीक्षा वेगळीच आहे. मे महिन्यात एसी चालू, गाडीत पाच जण, आणि पुढे उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर (हो, कारखाने लांबले की मे मध्येही दिसतो). तिथे टॉप गिअरमध्ये नुसता पाय दाबून उपयोग नाही. आधी तिसरा टाका, आरपीएम चढू द्या, समोरचा रस्ता लांबपर्यंत मोकळा दिसला तरच निघा. संभाजीनगरच्या पुढे चाळीसगावकडे गेलात, तर कन्नडच्या घाटात दुसरा गिअर चढ सुरू व्हायच्या आधीच टाका.

समृद्धीवर रोज जालना–नागपूर करणार असाल तर मात्र १२०० सीसीची बघा.